निर्धास्त, बिनधास्त, बिंदास

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२७ फेब्रुवारीच्या व्याख्यानाचा एक ठरलेला शिरस्ता आहे. वक्त्याने ज्ञानदेव-तुकोबांना वंदन करावे, कुसुमाग्रजांचे स्मरण करावे, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला दिलेल्या अभिजात भाषेच्या दर्जाबद्दल अभिमान व्यक्त करावा, आणि शेवटी तरुण पिढी भाषा बिघडवीत आहे अशी खंत बोलून दाखवून खाली बसावे. यातील वंदन आणि स्मरण मी मनःपूर्वक करतो. खंतीचा भाग मात्र आज बाजूला ठेवणार आहे. त्याऐवजी आपल्याच तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा एक शब्द मी आपल्यासमोर ठेवतो. तो शब्द आहे 'बिनधास्त'.

आधी एक कबुली देतो. हा शब्द मला अनेक वर्षे आवडत नसे. मराठीचा शिक्षक म्हणून निबंध तपासताना तो दिसला की मी त्याखाली लाल रेघ ओढत असे आणि समासात 'निर्भयपणे' असे लिहीत असे. एकदा वर्गातील एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, 'मी निर्भयपणे तोंडी परीक्षेला गेले' असं खरंच कोणी बोलतं का?" वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर देता आले नाही. ते उत्तर मला पुढे २००५ साली, वर्गाबाहेर मिळाले. ती हकीकत यथावकाश सांगेन. तत्पूर्वी या शब्दाचे कूळ पाहू.

शब्दाचे कूळ

'बिनधास्त' हा दोन तुकड्यांचा शब्द आहे. पहिला तुकडा 'बिन'. संस्कृतातील 'विना' लोकभाषांतून 'बिन' होऊन आला आणि मराठीत त्याने मोठा संसार थाटला. बिनचूक, बिनतोड, बिनशर्त, बिनविरोध, बिनतारी, बिनबोभाट आणि आपल्या सर्वांच्या परिचयाचा बिनडोक, ही सारी त्याचीच लेकरे. दुसरा तुकडा 'धास्त', म्हणजेच 'धास्ती'. धास्तीचे मूळ अरबी 'दहशत' या शब्दात आहे. मूळ अरबीत त्याला आश्चर्याची, भांबावून जाण्याची छटा आहे. फारसीतून प्रवास करताना तो भयाचा वाचक झाला आणि सुलतानी अमदानीत मराठी माणसाच्या कानावर पडला. 'द' आणि 'ह' एकमेकांत मिसळून त्यांचा 'ध' झाला. ही आपल्या भाषांची जुनी खोड आहे. संस्कृत 'दुहिता' या शब्दाची कोकणीत 'धूव' झाली, ती याच वाटेने.

गंमत अशी की तोच अरबी शब्द मराठीत पुन्हा एकदा, मूळ रूपात, 'दहशत' म्हणूनही राहिला, आणि त्यावरून आपण 'दहशतवाद' हा शब्द घडवला. म्हणजे 'दहशतवाद' आणि 'बिनधास्त' हे दोन शब्द एकाच घराण्यातले. एक भय पेरणाऱ्याचे नाव, दुसरा ते भय नाकारणाऱ्याचे विशेषण. हा योगायोग लक्षात ठेवा. शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

येथे कोणी म्हणेल, मग हा शब्द परकाच ठरला. तो टाकून का देऊ नये? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला आणि दरबारातील सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात भाषाशुद्धीचे आंदोलन उभारले. महापौर, दिनांक, चित्रपट हे शब्द आज आपण सहज वापरतो, ते त्या प्रयत्नांचे फळ आहे. जित समाज जेत्याच्या शब्दांत विचार करू लागला की त्याची अस्मिता झिजते, हे या दोघांनी नेमके ओळखले होते. ती दृष्टी आजही हवी, विशेषतः इंग्रजीच्या पुरात गळ्याइतके बुडालेलो असताना.

परंतु भाषेचे पचनसामर्थ्य हीसुद्धा एक अस्मिताच आहे. 'बिनधास्त' हा शब्द अरबस्तानात कोणाला समजणार नाही, इराणातही नाही. परका धातू आपल्या मुशीत वितळवून आपण त्याचे आपले नाणे पाडले. 'बेधडक' हा शब्द पाहा. तेथे 'बे' फारसी आणि 'धडक' आपली. 'बिनधास्त'मध्ये 'बिन' आपला आणि 'धास्त' बाहेरची. दोन्ही जोड्यांचा अर्थ जवळजवळ एक, आणि जमवाजमव करणारा माणूस अस्सल मराठी. मघाशी मी 'शिरस्ता' म्हणालो, 'हकीकत' म्हणालो. पहिला फारसीतून आला, दुसरा अरबीतून. आपल्यापैकी कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. ज्येष्ठांचे उसने शब्द खपतात आणि तरुणांचे खुपतात, हा न्याय बरा नव्हे.

तीन भावंडे

या शब्दाचा एक वडील भाऊ आहे, त्याचे नाव 'निर्धास्त'. संस्कृत 'निर्' हा उपसर्ग त्याच धास्तीला लागला आणि असा काही सोवळा शब्द तयार झाला की तो थेट वेदकाळातून आला असावा असे वाटावे. आपल्या आजोबांची जुनी पत्रे घरात असतील तर काढून पाहा. "इकडील काळजी करू नये, निर्धास्त असावे" अशा अर्थाचे वाक्य त्यांत हमखास सापडेल. मुंबईच्या गिरणीत राबणारा मुलगा कोकणातल्या आईला हे लिहीत असे. 'निर्धास्त' हा शब्द माणूस स्वतःविषयी क्वचितच वापरतो. तो दुसऱ्याला दिला जातो. त्यामागे एक न लिहिलेले वाक्य असते: मी आहे.

मधले भावंड 'बिनधास्त'. याचा मूळ उपयोग पाहा. बिनधास्त जा, बिनधास्त सांग, बिनधास्त बोल. व्याकरणाच्या भाषेत हे क्रियाविशेषण आहे. ते कृतीबद्दल बोलते. समोर काहीतरी कठीण आहे, ते कर आणि भिऊ नकोस, असे ते सांगते. येथे धीर थोडा दुसऱ्याने दिलेला आणि थोडा स्वतःचा. १९९९ साली चंद्रकांत कुलकर्णी यांचा 'बिनधास्त' हा चित्रपट आला, जवळजवळ सर्व भूमिका स्त्रियांच्या असलेला. मुलींच्या तोंडी हा शब्द रुजण्याचा तो काळ होता.

धाकटे भावंड 'बिंदास'. मुंबईच्या लोकलमध्ये, चाळीत, हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत मराठी शब्द मुंबईच्या हिंदीत शिरला. तेथे 'धास्त'मधला जोडाक्षराचा आणि महाप्राणाचा भार कोणाला पेलेना, म्हणून 'बिंदास' झाले. काही जण त्याची फोड 'बिन दास', म्हणजे कोणाचा दास नसलेला, अशी करतात. कल्पना मोहक आहे, पण ती मागाहून सुचलेली. मूळ आपल्या 'बिनधास्त'चेच. हा शब्द देशभर पसरला, २००५ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात गेला, आणि २००७ मध्ये या नावाची तरुणांसाठीची दूरचित्रवाहिनीही निघाली. मराठीने जगाला दिलेल्या मोजक्या शब्दांत त्याची गणना करायला हरकत नाही.

मात्र या प्रवासात अर्थही सरकला. 'बिंदास' हे कृतीचे विशेषण न राहता व्यक्तीचे झाले. बिंदास मुलगा, बिंदास मुलगी, बिंदास जगणे. समोरची कठीण गोष्ट नाहीशी झाली आणि मागे उभे राहून 'मी आहे' म्हणणाराही नाहीसा झाला. उरली ती एक ऐट: मला कोणाची पर्वा नाही. यासाठी आपल्या भाषेत आधीपासून शब्द होते. बेफिकीर, बेपर्वा, बेदरकार. ते शब्द कोणी अंगावर मिरवीत नसे. आज तोच माल 'बिंदास' या चिठ्ठीखाली सन्मानाने विकला जातो. माझा आक्षेप असेल तर तो या चिठ्ठीला आहे, शब्दाला नाही.

भय कोठून येते

निर्भय असणे आणि बेपर्वा असणे यांत भेद कसा करायचा? आपल्या परंपरेने याचा फार खोल विचार केला आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना आहे. त्या यादीत पहिला मान सत्याला नाही, दानाला नाही, तो 'अभय' या गुणाला आहे. बृहदारण्यक उपनिषदात आरंभीची एक विलक्षण कथा आहे. आदिपुरुष एकटाच होता आणि त्याला भय वाटले. मग त्याने विचार केला की माझ्याशिवाय दुसरे कोणी नाहीच, तर मी भ्यावे कोणाला? आणि त्याचे भय मावळले. उपनिषदाचे सांगणे असे की भय दुसरेपणातून जन्मते.

मित्रहो, हा विचार आजच्या शब्दावर लावून पाहा. 'मला दुसऱ्यांची पर्वा नाही' असे म्हणणारा माणूस प्रत्येकाला 'दुसरा' करतो. तो भय वाढवतो. स्वतःचे नसेल, पण इतरांचे. याउलट 'हे सगळे माझेच आहेत' असे ज्याला वाटते, त्याला भ्यायला कोणी उरत नाही आणि त्याला भिण्याचे कारणही कोणाला उरत नाही. म्हणून संन्यास घेणारा पुरुष पहिले वचन देतो ते सर्व भूतांना अभयाचे. ज्याला निर्भय व्हायचे आहे, त्याने आधी आपल्यापासून कोणाला भय नाही याची हमी द्यायची. आपल्या देवतांचा उजवा हात वर उठलेला असतो, तो हेच सांगतो.

चिलखत घातलेला निर्भय पुरुष

तत्त्वज्ञान जड वाटत असेल तर इतिहासाकडे येऊ. १० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अफझलखानाच्या भेटीस निघाले. त्यांच्या निर्भयतेबद्दल येथे कोणाला शंका आहे काय? पण निघताना त्यांनी काय केले? अंगरख्याखाली चिलखत चढवले आणि डोक्यावर शिरस्त्राण घेतले. सैन्याच्या तुकड्या रानात जागोजागी पेरल्या, इशाऱ्याच्या तोफा ठरवल्या आणि आपले काही बरेवाईट झाले तर मागे काय करावे याची व्यवस्था लावून दिली. आजच्या व्याख्येने पाहिले तर यात 'बिंदास' काहीच नाही! सगळी काळजीच काळजी आहे. १६६६ साली आग्र्याच्या दरबारात औरंगजेबासमोर अपमान सहन न करणारा हाच पुरुष पुढे तीन महिने नजरकैदेत शांतपणे सुटकेची तयारी करीत राहिला.

आणि चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र आठवा. रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या, असा त्याचा आशय आहे. इतकेच नव्हे, तर रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजींना आग लागेल, इथपर्यंत राजाचे लक्ष आहे. दिल्लीपतीला न भिणारा राजा उंदराची काळजी करतो! कारण राजाने रात्री उंदराची काळजी केली, तरच शेतकरी निर्धास्त झोपतो. कोणीतरी धास्ती स्वतःच्या खांद्यावर घेतो, तेव्हा कोठेतरी दुसरा बिनधास्त होतो.

मोटारसायकलवर हेल्मेट न घालता भरधाव जाण्याला जे शौर्य समजतात आणि पाठीमागच्या काचेवर महाराजांचे चित्र लावतात, त्यांनी या चिलखताचा विचार अवश्य करावा. आमच्या वसाहतीतला एकोणीस वर्षांचा एक मुलगा असाच गेला. गुणी मुलगा, गणेशोत्सवात सर्वांत पुढे असणारा. घरातून निघताना आईने हटकले तेव्हा "आई, बिनधास्त राहा" असे म्हणाला होता. हे मला त्या माउलीनेच सांगितले. त्याने आईला शब्द दिला, पण त्या शब्दाचा भार उचलायला डोक्यावर हेल्मेट घेतले नाही. हेल्मेट घरातच खुंटीला होते.

दोरी धरणारी मुले

आता २००५ ची ती हकीकत. २६ जुलै. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माझी मुलगी तेव्हा अंधेरीला नोकरी करीत असे आणि आम्ही गोरेगावला राहत होतो. संध्याकाळी लोकल बंद, फोन बंद, वीज नाही. ती चालत निघाली. आम्ही दोघे खिडकीत मेणबत्ती लावून बसलो. रात्री दोन वाजता ती घरी पोहोचली, कमरेपर्यंत चिखल, पण सुखरूप.

तिने सांगितले ते असे. जोगेश्वरीच्या आसपास रस्त्यावर पाणी छातीपर्यंत आले होते. खाली उघडी गटारे. पंधरा-वीस बायका कडेला थांबलेल्या, पुढे जावे की न जावे कळेना. तेवढ्यात वस्तीतली सात-आठ मुले एक दोरी घेऊन आली. दोन्ही टोकांना खांबाला बांधून मध्ये साखळी करून पाण्यात उभी राहिली. केस रंगवलेले, कानात बाळ्या, ज्यांच्याकडे पाहून माझ्यासारखा मास्तर मान फिरवील अशी मुले. त्यांतला एक ओरडून म्हणाला, "ताई, बिनधास्त या, आम्ही आहोत." त्या सगळ्या जणी एकेक करून पलीकडे गेल्या. कोणी कोणाचे नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. पलीकडे कोणीतरी चहाचे पातेले ठेवले होते.

त्या रात्री मला कळले की त्या विद्यार्थिनीचे बरोबर होते. "ताई, निर्भयपणे या" असे त्या पाण्यात उभे राहून कोणी म्हणू शकले नसते. त्या मुलाने 'बिनधास्त' हा शब्द नेमका त्याच्या जागी वापरला होता. अंगावर पाणी झेलणारा तो, आणि बिनधास्त माझी मुलगी. दुसऱ्या दिवसापासून मी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढणे सोडून दिले.

येथे बसलेल्या भगिनींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. 'बिंदास मुलगी' हे शब्द अनेकदा कौतुकाच्या वेषातील टोमणा असतात. रात्री दहा वाजता अभ्यासिकेतून एकटी परतणारी मुलगी बिनधास्त असावी, हे तिचे औद्धत्य नव्हे, तो तिचा अधिकार आहे. ती तशी नसेल तर तिला घरी बसवणे हे उत्तर नाही. तिच्या रस्त्यावर कोण उभे आहे आणि कसे उभे आहे, हा प्रश्न आपण येथे बसलेल्या बंधूंना विचारला पाहिजे. जिच्या वाटेवरची मुले दोरी धरणारी असतात, ती मुलगी बिनधास्त असते.

शेवटचा अर्थ

आरंभी मी म्हणालो होतो की 'दहशतवाद' आणि 'बिनधास्त' एकाच घराण्यातले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हे दोन शब्द गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत समोरासमोर आले. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सुपुत्र. हाती बंदूक नव्हती, लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सुटणाऱ्या गोळ्या स्वतःच्या देहावर झेलल्या. त्यामुळे त्यांचे सहकारी वाचले आणि तो जिवंत पकडला गेला. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. ऐन पन्नाशीतला, साधा, कुटुंबवत्सल मनुष्य. त्याला कोणी 'बिंदास' म्हटले नसते. पण त्याने ती नळी धरली म्हणून ही मुंबई दुसऱ्या दिवशी उभी राहू शकली.

तेव्हा माझे सांगणे इतकेच आहे. हा शब्द वापरा. खुशाल वापरा. तो आपला आहे, मराठी मातीत पिकलेला आहे. पण 'मी बिनधास्त आहे का?' हा प्रश्न सोपा आहे. त्याचे उत्तर आरशासमोर उभे राहून देता येते. रात्री झोपताना दुसरा प्रश्न विचारत जा: आज माझ्यामुळे कोण बिनधास्त झाले? घरी वाट पाहणारी आई? वर्गातला अबोल मुलगा? गावाहून नवी आलेली, वसतिगृहात बुजलेली मुलगी? वस्तीतले एकटे म्हातारे जोडपे? यांतल्या एकाचेही नाव घेता आले, तर आजोबांच्या पत्रातला 'निर्धास्त' आणि तुमचा 'बिनधास्त' यांत अंतर उरले नाही असे समजा.

मी माझे बोलणे येथे थांबवतो. ज्या विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला होता, ती आज स्वतः शिक्षिका आहे. तिच्या वर्गातील मुलांच्या निबंधात हा शब्द आला तर तिने त्याखाली रेघ ओढू नये. समासात एवढेच लिहावे: कोणासाठी?

वंदे मातरम्!